नैरोबी व्हाया रावेर

नैरोबीजवळच्या एका मिशन शाळेच्या वसतिगृहाला वर्षभरासाठी एक पोक्त जोडपं हवं होतं. मुलांना वेळेवर उठवायचं, जेवू घालायचं, प्रार्थना घ्यायची, रडणाऱ्याला जवळ घ्यायचं आणि भांडणाऱ्यांना लांब करायचं, असं काम. मुंबईच्या कार्यालयानं ठिकठिकाणच्या मंडळ्यांना विचारलं, आणि धुळ्याला रेव्हरंड पितांबर यांनी ते रविवारच्या भक्तीत जाहीर केलं. "कोण जाईल?" असं म्हणून पाळकसाहेब थांबले. सगळ्या चर्चनं एकदम गीतांच्या पुस्तकात डोकं घातलं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूला एक हात वर गेला. तो प्रमिलाबाईंचा होता.

पुरुषांच्या बाजूला बसलेल्या गुलाब मास्तरांना आधी वाटलं, ही पंखा वाढवायला सांगतेय. पण मग सगळी मंडळी वळून त्यांच्याकडे बघू लागली, तेव्हा त्यांना काय ते कळलं. प्रमिलाबाई त्यांच्या पत्नी. जोडपं हवंय म्हटल्यावर अर्धं जोडपं खाली बसून कसं चालेल? मास्तरांनीही हात वर केला, आणि असा काही केला की जणू पहिला तोच होता. पुढच्या आठ दिवसांत तर त्यांची अशी खात्रीच झाली की हाक त्यांनाच आली होती आणि प्रमिलाबाईंनी फक्त दुजोरा दिला.

मास्तर नुकतेच शाळेतून निवृत्त झाले होते. जन्मभर मराठी शाळेत सातवीपर्यंतच्या मुलांना इंग्रजी शिकवलं. दोन गोष्टींचा त्यांना अभिमान होता, एक इंग्रजीचा आणि दुसरा मिशांचा. मिशा खरोखरच भरघोस होत्या. इंग्रजीबद्दल पुढे येईलच.

परदेशी जायचं म्हणजे शेजाऱ्यांचा सल्ला आला. शेजारी धनसिंगभाऊ, एस.टी.तले निवृत्त कंडक्टर. परदेशाबद्दल बोलायचा अधिकार त्यांना होता, कारण त्यांची ड्यूटी कित्येक वर्षं धुळे-इंदूर मार्गावर होती. ते रोज संध्याकाळी येत, ओट्यावर बसत आणि आफ्रिका समजावून सांगत. तिकडे पाणी उकळून प्या. कुणाशी तिकिटाच्या सुट्ट्या पैशांवरून वाद घालू नका. जाडजूड काठी न्या. काठी कशाला, असं मास्तरांनी विचारल्यावर धनसिंगभाऊ नुसते हसले. त्यांच्या पत्नी झुंबरबाईंनी भाकरीसाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाचा एवढा मोठा डबा आणून ठेवला की तो बघून मास्तरांना वाटलं, आपण वसतिगृह चालवायला चाललोय की गिरणी?

"आनि मास्तर, पासपोर्ट सोता करानी वस्तू नही शे," धनसिंगभाऊ म्हणाले. "त्याले एजंट लागस. जळगावले मना वळखना मानूस शे, देवचंद. बठ्ठं करी देस."

देवचंदनं बठ्ठं, म्हणजे सगळं, केलं. फोटो, सह्या आणि शाळेचे दाखले धनसिंगभाऊंनीच जळगावला नेऊन दिले, फॉर्म देवचंदनं टाइप केले, आणि यथावकाश दोन पासपोर्ट टपालानं आले. मास्तरांनी अंगावर शर्ट चढवला, चष्मा पुसला आणि ओट्यावर बसून शेजाऱ्यांसमोर आपला पासपोर्ट मोठ्यानं वाचून दाखवला. नाव बरोबर. जन्मगाव बरोबर. फोटोत मिशा दोन्ही बाजूंना सारख्या. मग एका ठिकाणी नुसतंच 'एफ' असं अक्षर होतं.

"हे काय हो?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

मास्तरांनी क्षणभर विचार केला. "एफ म्हणजे फादर. मुलंबाळं झालेला माणूस."

"माझ्यावर पण एफच आहे."

"तुझ्यावर फॅमिली."

धनसिंगभाऊंनी मान डोलावली. सरकारचा हा बारकावा त्यांना फार आवडला.

आता इथं एक खुलासा करायला हवा. खानदेशात गुलाब हे पुरुषाचं नाव आहे. गावोगाव गुलाबराव, गुलाब आबा, गुलाब नाना सापडतात, आणि आपण फूल आहोत असं त्यांच्यातल्या एकालाही कधी वाटलेलं नाही. पण देवचंदकडे टाइप करायला नव्यानं लागलेला गडी खानदेशातला नव्हता. त्यानं नाव वाचलं आणि त्याला जे वाटलं ते टाइप केलं.

व्हिसा मुंबईला दोन दिवसांत होईल, पासपोर्ट घेऊन या, तिथूनच विमानात बसवतो, असं मुंबईच्या कार्यालयानं कळवलं. म्हणजे धुळ्याहून निघाले की निघालेच. त्यामुळे निरोप समारंभ धुळ्यातच व्हायला हवा होता, आणि तो झाला. एकदा चर्चमध्ये, एकदा शाळेत, एकदा गल्लीत, आणि शेवटचा एस.टी. स्टँडवर. राहतं घर वर्षभरासाठी लोटन नावाच्या एका नवविवाहित कारकुनाला भाड्यानं दिलं. त्याची पितळी भांडी आत गेली आणि मास्तरांच्या ट्रंका बाहेर आल्या. स्टँडवर गळ्यात इतके हार पडले की मास्तरांना समोरचं दिसेना. त्यांनी बसच्या पायरीवर उभं राहून भाषण केलं. शेवटी हात उंचावून ते म्हणाले, "आता आपली भेट वर्षानं, नाहीतर थेट स्वर्गात!"

बायका रडल्या. धनसिंगभाऊंनी सवयीनं दोनदा घंटी मारली आणि बस सुटली.

मुंबईला वकिलातीत एक गोरीगोमटी, अतिशय सभ्य बाई काउंटरला होती. तिनं दोन्ही पासपोर्ट उघडले, अर्ज बघितला, मास्तरांकडे बघितलं आणि पुन्हा पासपोर्ट बघितला. मग हळू आवाजात इंग्रजीत विचारलं, "अर्जात नवरा-बायको लिहिलंय. नवरा कुठे आहे?"

"मी," मास्तर म्हणाले.

"तुम्ही श्रीमती गुलाब."

मास्तरांनी अभिमानानं मिशीवर हात फिरवला. बाईंनी मान हलवली. "मला दिसतंय, सर. पण पासपोर्टला दिसत नाही." आणि 'एफ'वर बोट ठेवून तिनं त्याचा अर्थ सांगितला.

प्रमिलाबाई एवढंच म्हणाल्या, "फादर म्हणे."

मिशन कार्यालयातल्या लोकांनी धीर दिला. दुरुस्ती होते. सरकारी डॉक्टरचा दाखला, राहत्या गावच्या कचेरीचा दाखला, मग पोलीस चौकशी, मग नवा पासपोर्ट. वसतिगृह जूनअखेरपर्यंत थांबेल, त्यानंतर मात्र दुसऱ्या जोडप्याला बोलवावं लागेल. आता घरी जा आणि कामाला लागा.

"चला मग धुळ्याला," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"कुठल्या तोंडानं?" मास्तर म्हणाले. "परवा स्वर्गात भेटू म्हणून सांगितलं, आणि आज पाचकंदिलावर भाजी घेताना भेटू? आणि लोकांनी विचारलं का आलात, तर काय सांगू?"

"जे झालं ते सांगा."

ते सांगायची मास्तरांची तयारी नव्हती. शिवाय घरात लोटन होता, त्याची बायको होती आणि त्यांची पितळी भांडी होती. तेव्हा दोघं दादरहून गाडीत बसले ते धुळ्याचा नाद सोडून थेट रावेरला उतरले. तिथं प्रमिलाबाईंची धाकटी बहीण बेबाबाई राहत होती. तिचे यजमान कौतिकभाऊ यांचं केळी भरायचं आवार होतं. ट्रक यायचे, घड उतरायचे, पाल्यात रचून पुन्हा ट्रक जायचे. बहीण-मेहुणे अचानक ट्रंका घेऊन उभे राहिलेले बघून बेबाबाई म्हणाली, "माय वं! विमान चुकलं का काय?"

प्रमिलाबाईंनी खरं ते सांगितलं. कौतिकभाऊंनी ते शांतपणे ऐकून घेतलं, मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला, "साडूभाऊ, काळजी करू नका, ही गोष्ट या चार भिंतींच्या बाहेर जाणार नाही," असं म्हणाले आणि आवारात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर सहज आवारात फिरायला गेले, तेव्हा पाला रचणाऱ्या बायकांनी पदर सावरून जागा केली आणि त्यातली एक अगदी मायेनं म्हणाली, "बसा, गुलाबअक्का."

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणजे सकाळी जेवले नाहीत. संध्याकाळी बेबाबाईनं भरीत केलं होतं.

दुरुस्तीचा अर्ज त्यांनी टपालानं पाठवून दिला, पत्ता अर्थातच धुळ्याचा. आणि तोंड लपवून बसणं काही आपल्याला शोभत नाही, निदान पाळकसाहेबांना तरी खरं सांगावं, असं ठरवून एका रविवारी सकाळी ते रावेरच्या पोस्टात रविवारीही उघड्या असणाऱ्या तारेच्या खिडकीवर गेले आणि मिशन कंपाउंडचा ट्रंककॉल लावला. बराच वेळ घरघर, खरखर, मध्येच कुणाचं तरी बऱ्हाणपूरचं लग्न ठरत होतं ते ऐकू आलं, आणि मग खूप लांबून, जणू विहिरीच्या तळातून, पाळकसाहेबांचा आवाज आला. भक्ती नुकतीच सुटली होती. फोनभोवती मंडळी जमली होती.

"पाळकसाहेब, मी गुलाब! रावेरहून बोलतोय!"

"कोण? गुलाब मास्तर? नैरोबीहून?" आणि तोंड वळवून, "अहो, नैरोबीहून मास्तरांचा फोन!" पलीकडं एकच कल्लोळ झाला.

"नैरोबी नाही! रावेर! रा-वे-र!"

"हो हो, नैरोबी! आवाज फार लांबून येतोय! कसं आहे तिकडं?"

मास्तर गोंधळले. माणूस फोनवर गोंधळला की विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. "गरम आहे! फार गरम!"

"म्हणतायत, फार गरम आहे! खाण्यापिण्याचं?"

"केळी!" मास्तर ओरडले, कारण त्याच क्षणी पोस्टाच्या दारासमोरून केळ्यांचा ट्रॅक्टर गेला आणि त्याशिवाय दुसरं काही त्यांना सुचलं नाही.

"म्हणतायत, केळी भरपूर!"

"पाळकसाहेब, ऐका! पासपोर्टात मी बाई आहे! बाई!"

"म्हणतायत, बाई मजेत आहेत! देवाची स्तुती असो! मास्तर, तुमच्या आवाजानं मंडळीला फार..."

आणि तीन मिनिटं संपली.

मास्तर पोस्टाच्या पायरीवर येऊन बसले. खोटं ते एक अक्षर बोलले नव्हते. तरीही आता ते नैरोबीत होते, तिथं गरम होतं, आणि बाई मजेत होत्या.

मे महिना लागला. दुरुस्तीच्या अर्जाचं पुढं काय झालं ते कळलं, आणि जे कळलं त्यानं मास्तरांचा सरकारवरचा उरलासुरला विश्वास उडाला, म्हणजे वाढला म्हटलं तरी चालेल, कारण सरकारनं काहीच चूक केली नव्हती. चौकशीला एक हवालदार धुळ्याच्या घरी गेला. लोटननं दार उघडलं. "गुलाब मास्तर?" "ते आफ्रिकेला गेले." "कधी?" "झाले की दिवस. सगळा गाव पोचवायला गेला होता. परवा फोन पण आला." हवालदारानं शेजारी विचारलं, तर धनसिंगभाऊंनी त्याला बसवून चहा पाजला आणि तिथली हवा, केळी, सगळं सांगितलं. अर्ज शेरा मारून मुंबईच्या मिशन कार्यालयात परत गेला आणि तिथून रावेरला आला: अर्जदार परदेशी आहे. त्यानं दुरुस्तीसाठी तेथील भारतीय वकिलातीत जावं.

"म्हणजे नैरोबीला जायला पासपोर्ट हवा," प्रमिलाबाई सावकाश म्हणाल्या, "आणि पासपोर्ट हवा तर नैरोबीला जायला हवं."

"चेष्टा करू नकोस."

"मी नाही करत. तुम्ही धुळ्याला जा, कचेरीत उभे राहा आणि सांगा, हा मी. आणि मी पण येते."

"तू नको. तू दिसलीस की संपलं. मी एकटा गुपचूप जातो, काम करतो, येतो."

खानदेशच्या मे महिन्यात तोंड लपवणं हे काही अवघड काम नाही. सगळेच डोक्याला आणि तोंडाला रुमाल गुंडाळून फिरतात. बस स्टँडवर उभं राहिलं तर दरोडेखोरांचा मेळावा भरल्यासारखा वाटतो. मास्तरांनी कौतिकभाऊंचा पांढरा पंचा मिशांसकट सगळं तोंड झाकून गुंडाळला, फक्त डोळे उघडे ठेवले, वर काळा चष्मा लावला आणि निघाले. जळगावला गाडी बदलली. धुळ्याच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि पारोळ्याला धनसिंगभाऊ चढले.

गाडीत चार-पाच जागा रिकाम्या होत्या. धनसिंगभाऊंनी जुन्या सवयीनं सगळ्या गाडीवर एक नजर टाकली आणि मास्तरांच्या शेजारी येऊन बसले.

"कथा जाई राह्यनात भाऊ? धुळे?"

मास्तरांनी मान हलवली.

"घसा बसना का? उन्हाळा भलता शे," असं म्हणून धनसिंगभाऊंनी त्यांचा घसा कायमचा बसलाय असं धरलं आणि बोलायला सुरुवात केली. न बोलणारा माणूस मिळाला की त्यांना कोण आनंद होई. पारोळ्याच्या एका लग्नाचं झालं, गाड्यांच्या टायरचं झालं, आणि मग ते म्हणाले, "आमना शेजारना मास्तर आफ्रिकाले गयात. नैरोबी. फोन उना व्हता."

मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं.

धनसिंगभाऊ मास्तरांबद्दल फार चांगलं बोलले. इतकं चांगलं की मास्तरांना पंच्याच्या आत गहिवरून आलं. माणूस देवासारखा. कुणाच्या अध्यात ना मध्यात. गल्लीत त्यांच्या ओट्यावर आता कुत्रं बसतं, ते बघवत नाही. झुंबरबाई रोज आठवण काढते. मास्तरांना वाटलं, पंचा सोडावा आणि धनसिंगभाऊंच्या गळ्यात पडावं. पण धनसिंगभाऊ तिथंच थांबले नाहीत.

"फक्त एक काळजी शे," ते म्हणाले. "इंग्रजी."

मास्तर ताठ झाले.

"मास्तरना इंग्रजी कच्चाच शे. गल्लीले बठ्ठासले माहीत शे, पन कोन बोलाव? तठे ते सायेब लोकेसनी काय बोलतीन? बाई हुशार शे, बाईना जीववर चाली जाई."

मास्तरांनी मोठ्या संयमानं दोन मैल जाऊ दिले. मग एका झटक्यात पंचा ओढला, काळा चष्मा काढला आणि ओरडले, "माझं इंग्रजी कच्चं?"

धनसिंगभाऊ किंचाळले. खरोखर किंचाळले. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी थांबली. धनसिंगभाऊंनी जागेवरूनच मास्तरांच्या हाताला चिमटा काढून बघितला, मग दुसऱ्या हाताला काढला, आणि विचारलं, "मास्तर! विमान पडनं का?"

उरलेल्या वाटेत मास्तरांनी त्यांना सगळं सांगितलं आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. धनसिंगभाऊंनी ती घेतली. चिमटे दोन्ही हातांवर लाल उमटले होते.

मास्तर स्टँडवरून कचेरीत पोचले तोवर जेवणाची सुट्टी झाली होती. ते बाहेर झाडाखाली बसले. सुट्टी संपायच्या आत सायकलवरून रेव्हरंड पितांबर आले, सायकल झाडाला टेकवली आणि त्यांच्या शेजारी बसले. घाम पुसला.

"त्या फोनवर मी दोन प्रवचनं केली, मास्तर," पाळकसाहेब म्हणाले.

"मी रावेर म्हणालो होतो."

"हो. आता मला ते तसं आठवतंय." पाळकसाहेबांनी सुस्कारा टाकला. "रविवारी या. प्रमिलाबाईंनाही बोलवा. लोकांना माझ्याकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळू दे. म्हणजे कळलंय सगळ्यांना, पण तरी."

रविवारपर्यंतचे दिवस मास्तरांनी मिशन कंपाउंडच्या पाहुण्यांच्या खोलीत काढले. प्रमिलाबाई शनिवारी आल्या. मास्तर रात्री त्यांना म्हणाले, "आपण वसतिगृहाला कळवूया का, दुसरं जोडपं बघा म्हणून? मला नाही वाटत मी त्या योग्यतेचा आहे. मुलांना खरं बोलायला शिकवायचं, आणि मी..."

प्रमिलाबाई साडीची घडी घालत होत्या. "मी हात वर केला होता ना, तेव्हा मला माहीत होतं तुम्ही कसे आहात ते," त्या म्हणाल्या. "माहीत असूनच केला."

रविवारी चर्च इतकं भरलं की व्हरांड्यात लोक उभे. मास्तर पुढं गेले. सुंदर मराठीत भाषण तयार होतं, मानवी दुर्बलतेवर मोठा परिच्छेद होता. पण समोर ओळखीची सगळी तोंडं बघितली आणि परिच्छेद नाहीसा झाला.

"मी नैरोबीत नव्हतो," ते म्हणाले. "रावेरला होतो. लाज वाटली म्हणून तोंड लपवून बसलो. तुम्ही एवढ्या प्रेमानं पाठवलंत आणि मी तुमच्यापासूनच लपलो. माझं चुकलं."

मग पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या भागाबाईंनी, ज्यांना ऐकू कमी यायचं आणि म्हणून गावातली कुजबुज पोचलेली नव्हती, मोठ्यानं विचारलं, "पण लाज कशाची?"

मास्तर आवाज चढवून म्हणाले, "पासपोर्टात मला बाई केलंय."

भागाबाईंच्या डोक्यात अजून रावेरच होतं. "तरी मी म्हणत होते," त्या म्हणाल्या, "एवढी केळी आफ्रिकेत कशी!"

आधी बायका हसल्या, मग पुरुष, मग व्हरांडा. पाळकसाहेब प्रवचनाच्या पुलपिटामागं खाली वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत. आणि मास्तरांना आश्चर्य वाटलं ते याचं, की हसू आपल्यालाही येतंय.

सोमवारी कचेरीत मास्तर गेले ते एकटे नव्हते. सगळी मंडळीच निघाली होती. डॉक्टरांचा दाखला त्यांनी आधीच मिळवला होता. त्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत आणि आपणही बोलायला नको. नायब तहसीलदार तरुण, चष्मेवाले, नियमाला धरून चालणारे होते. त्यांनी कागद वाचले, दाराबाहेरची गर्दी बघितली आणि पेन खाली ठेवलं.

"पोलिसांचा अहवाल म्हणतो तुम्ही परदेशी आहात. पासपोर्ट म्हणतो तुम्ही स्त्री आहात. म्हणजे मला दोन गोष्टींची खात्री हवी. एक, तुम्ही इथं आहात. दोन, तुम्ही पुरुष आहात."

पहिल्या गोष्टीला वेळ लागला नाही. धनसिंगभाऊंनी दोन्ही हातांवरच्या चिमट्यांची साक्ष दिली.

"दुसरीला डॉक्टरांचा दाखला आहे," साहेब म्हणाले, "पण राहणीची साक्ष देणारं जवळचं कुणी तरी लागेल. पत्नी आल्यात का?"

प्रमिलाबाई पुढं झाल्या. पदर नीट केला.

"तुम्ही यांना किती वर्षं ओळखता?"

"लग्न झाल्यापासून."

"हे पुरुष आहेत, हे तुम्ही कशावरून सांगता?"

कचेरीतले टाइपरायटर थांबले. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"साहेब," प्रमिलाबाई म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून ह्यांनी जेवून उठताना स्वतःचं ताट एकदाही उचललेलं नाही."

दारात उभ्या असलेल्या सगळ्या बायकांनी एकदम मान डोलावली. कचेरीतले सगळे पुरुष खिडकीबाहेर बघू लागले. नायब तहसीलदारांनी मान खाली घालून लिहिलं, 'पत्नीच्या जबाबावरून खात्री पटली.' शिक्का इतक्या जोरात मारला की दौत हलली.

त्यानंतर सगळं भराभर झालं. हवालदार मिशन कंपाउंडमध्ये येऊन गेला. धनसिंगभाऊ कागद घेऊन स्वतः मुंबईला गेले आणि काउंटरवर दोनदा नाव वाचून घेतलं. नवा पासपोर्ट आला. प्रमिलाबाईंनी तो आधी स्वतः वाचला, मग आपलाही पुन्हा एकदा वाचला, कारण आता त्यांचा कशावर विश्वास राहिला नव्हता. मास्तरांच्या नावापुढं 'एम' होतं. कुणी त्याचा अर्थ विचारला नाही.

त्या संध्याकाळी पाहुण्यांच्या खोलीत जेवण झाल्यावर मास्तर जरा वेळ बसून राहिले. मग घसा खाकरला आणि समोरचं ताट उचललं.

"अहो, ठेवा, ठेवा!" प्रमिलाबाई ओरडल्या. "व्हिसा व्हायचाय अजून!"

मास्तरांनी ताट घाईघाईनं खाली ठेवलं.

व्हिसा जून संपता संपता झाला. या वेळी निरोप समारंभ नव्हता. मंडळीला हारांची भीतीच बसली होती. पण सकाळच्या गाडीला सगळे स्टँडवर होते, हात हलवत होते, आणि कुणी काही बोलत नव्हतं, न जाणो. पाळकसाहेब त्याच गाडीत चढले. "विमान वर गेलेलं डोळ्यांनी बघतो आणि परत येतो," असं ते सगळ्यांना सांगून आले होते. त्यांनी ते बघितलं, आणि विमान वर गेल्यावरही थोडा वेळ थांबले, खाली उतरलं तर म्हणून.

वसतिगृह एका टेकडीवर होतं आणि हवा चक्क थंड होती. जेवणाच्या मोठ्या खोलीत लांबलचक बाकं, आणि बाकांवर मुलं, काही गालात हसणारी, काही नुसतीच टक लावून बघणारी. मास्तरांनी इंग्रजीत छोटंसं भाषण केलं. मुलांना ते कळलं की नाही माहीत नाही, पण प्रमिलाबाई पंगतीतून एकेकाच्या पाठीवर हात ठेवत "जेवनात का?" असं विचारत गेल्या ते सगळ्यांना कळलं. जेवण झालं. मास्तर स्वस्थ बसले. मुलंही बसली. थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की मोठं माणूस उठल्याशिवाय इथं कुणी उठत नाही, आणि बाहेरच्या नळावर आपापलं ताट आपणच धुवायचं असा इथं नियम आहे.

मास्तर उठले. ताट उचललं. मुलांची रांग भराभर लागली, पुढच्यांनी मागं सरून त्यांना जागा करून दिली, ती त्यांनी घेतली नाही. ते शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांच्या मागं प्रमिलाबाई आपलं ताट घेऊन आल्या.

"काय गं," मास्तर मान न वळवता हळूच म्हणाले, "इथं कुणी बघितलं आणि पासपोर्ट मागितला तर?"

"मी आहे ना साक्षीला," प्रमिलाबाई म्हणाल्या. "तुम्ही नीट घासा. कडेला तेल राहिलंय."